एक कुलूप बघायला इटलीला

"बाबा, त्र्याऐंशीव्या वर्षी इटलीला जाऊन तुम्हाला नक्की काय बघायचंय?" मित्राताईंनी विचारलं.

"एक कुलूप," भालेराव सर म्हणाले.

मित्राताई म्हणजे सरांची मुलगी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. त्या खोलीत त्या कुलुपाबद्दल खरं काय ते फक्त मला माहीत होतं. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं, आणि माझा गुन्हा तोच होता.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. वय बावन्न. राहायला येरवड्यात, नोकरी खराडीत. इटालियन गिऱ्हाइकांची पत्रं आणि करार इंग्रजीत आणायचे आणि त्यांची उत्तरं इटालियनमध्ये न्यायची, हे माझं काम. आधी हे सांगतो, कारण इटालियन येणं हीच या गोष्टीतली माझी लायकी आणि तोच माझा घोळ. प्रवासाचं वर्णन लिहा असं सरांनीच सांगितलं. लिहिताना काय लपवायचं नाही, तेही त्यांनीच सांगितलं.

सर शाळेत इतिहास शिकवायचे. नारायण पेठेत, पुस्तकबांधणीच्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत, दर शनिवारी त्यांचं अभ्यास मंडळ भरायचं. तिथे आम्ही दहा-बाराजण वाचायचो, वाद घालायचो. मग सगळे उठून येरवड्याला जायचो. तुरुंगात भेटीला आलेल्या बायकांना अर्ज लिहून द्यायचो. झाडाखाली एक घडीचं टेबल, त्यावर कार्बन पेपर. सर म्हणत, "वाचलेलं ज्याच्या हातून अर्जात उतरत नाही, त्यानं वाचू नये."

सरांचा छंद मात्र जगावेगळा होता. इटलीतल्या एका लहानशा समाजवादी पक्षाचा इतिहास ते लिहीत होते. महायुद्ध संपल्यावर रोमच्या एका राजवाड्यात काही मंडळी आपल्या मोठ्या समाजवादी पक्षातून बाहेर पडली. कम्युनिस्टांच्या पंखाखाली जायचं नाही आणि भांडवलदारांच्या मांडीवरही बसायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. समुद्रातून उगवणारा सूर्य ही त्यांची निशाणी. पक्षाचं नाव मी लिहीत नाही. समाजवादी, लोकशाही आणि इटालियन हे तीनच शब्द पुढेमागे करून तिथे इतके पक्ष झाले की वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा. आपण त्याला सूर्याचा पक्ष म्हणू.

मी एकदा विचारलं होतं, "सर, पुण्यात बसून हाच पक्ष का?"

"मोठ्या पक्षांचा इतिहास कुणीही लिहितो," ते म्हणाले. "लहान पक्ष लहान का राहतो, आणि तरी का राहतो, हे कुणी लिहीत नाही."

त्या पक्षाच्या मोंतेरोव्हो नावाच्या गावातल्या शाखेचे चिटणीस होते अल्व्हारो. ते सरांना पत्रं लिहायचे, इटालियनमध्ये. ती वाचायला कुणीतरी हवं म्हणून सरांनी मला संध्याकाळच्या भाषावर्गाला घातलं. माझी आजची खराडीतली खुर्ची त्या पत्रांतून आली आहे.

तीस वर्षांपूर्वी अल्व्हारोंचं एक लांबलचक पत्र आलं. अकरा पानं. लाचखोरीच्या प्रकरणांत तिथले मोठमोठे पक्ष कोसळले होते, त्यात सूर्याचा पक्षही बुडाला होता. शाखा बंद करा, असा वरून निरोप आला होता. पहिली सहा पानं मी नीट उतरवली. पुढची पाच पानं अल्व्हारोंनी घाईत, गिचमिड अक्षरात लिहिली होती. माझं इटालियन कच्चं होतं आणि दुसऱ्या दिवशी माझी नोकरीची मुलाखत होती. मी ती पाच पानं वाचली नाहीत. वाटलं, बंद करायचा निरोप आलाय म्हणजे बंदच केलं असणार. शेवट मी स्वतःच लिहिला: झेंडा उतरवला, घडी केली, अकराजण गप्प उभे राहिले, अल्व्हारोंनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली नगरपालिकेत नेऊन दिली. "कोणी रडलं नाही." हे माझं शेवटचं वाक्य.

सरांना ते वाक्य फार आवडलं. दोन आठवड्यांनी त्यांनी मंडळाच्या बैठकीत ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "त्यांनी हे मानानं केलं. आपणही करू." आम्ही मंडळ बंद केलं. खालच्या दुकानदाराला किल्ली दिली. येरवड्याचं टेबलही त्याच दिवशी मिटलं. सरांच्या पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण 'कुलूप' या नावानं छापलं गेलं.

सरांनी अल्व्हारोंना उत्तर लिहिलं होतं. ते इटालियनमध्ये करून मी पोस्टात टाकायचं होतं. लावलेल्या कुलुपाबद्दल अभिनंदन करणारं पत्र. ते मी टाकलं नाही. टाकलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं. इटालियन चांगलं आल्यावरही मी ती पाच पानं उघडली नाहीत. ती आणि सरांचं उत्तर, दोन्ही एका पाकिटात कपाटात ठेवलं. मी येरवड्यातच राहतो. दर शनिवारी तुरुंगाच्या रस्त्यानं जाताना बायका कोरा कागद हातात घेऊन कुणाला तरी विचारत उभ्या दिसायच्या. मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलो.

सरांना ते दार बघायचं होतं म्हटल्यावर मी लगेच तयार झालो, त्यामागे एक नीच हिशेब होता. तीस वर्षांत ती शाखा बंद पडलीच असणार. म्हणजे दाराला कुलूप असणार. माझं खोटं माझ्यावाचूनच खरं होऊन बसलं असणार. पाकीट बरोबर घेतलं. का घेतलं, ते तेव्हा कळलं नाही.

बोलोन्या, मंगळवार

विमानं, रांगा, चाकाची खुर्ची हे सगळं सोडून देतो. बोलोन्यात पोचलो तेव्हा नोव्हेंबरातलं धुकं होतं. त्या शहरात मैलोन्‌मैल कमानींखालून चालता येतं. पाऊस आला तरी छत्री लागत नाही.

सर म्हणाले, "हे आपल्या महापालिकेला सांगू नका. एक कमान बांधायला समिती नेमतील."

कॉफी उभ्यानं प्यायची असते. अंगठ्याएवढ्या कपात काळा, कडू घोट. सरांनी तो घेतला, कप खाली ठेवला.

"एवढ्याशा जागेत एवढा कडूपणा," ते म्हणाले. "आपल्याकडे हे काम दुकानदार तोंडी करतात."

दुपारी एका दुकानात त्यांना कानटोपी घ्यायची होती. दारावर पाटी: एक ते चार बंद. सर पाटीसमोर आदरानं उभे राहिले.

"सुसंस्कृत देश आहे," ते म्हणाले.

जेवायला तिथली पातळ भाकरी मिळाली. ज्वारीची नाही, गव्हाची, तव्यावर भाजलेली, आत मऊ पांढरं चीज आणि तिखटसर पाला. सरांनी खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली आणि चीजवर सढळ हातानं भुरभुरली. वाढणारी बाई थांबून बघत राहिली. सरांनी तिच्यापुढे डबी धरली. तिनं चिमूटभर चाखली, डोळे पुसले, आणि पुन्हा चिमूट घेतली.

मग चौकातल्या पायऱ्यांवर बसून सरांनी मला पक्षाचा इतिहास परत एकदा सांगितला, जणू मी नवीन विद्यार्थी. चार-चार दशकं हा पक्ष मोठ्या पक्षांच्या मधे पाचरीसारखा बसला. सरकारात राहिला. त्यांच्यातला एक देशाचा राष्ट्रपतीसुद्धा झाला. मग सत्तेत बसून बसून तो बसकाच झाला. सूर्य तसाच, समुद्रही तसाच, फक्त उगवायचं राहून गेलं. प्रकरणं बाहेर आली. मतं गेली. काही या दारात गेले, काही त्या. काहींनी त्याच नावानं पुन्हा छोटासा पक्ष काढला.

"आपल्याकडच्यासारखंच," मी म्हणालो.

"आपल्याकडे दोन समाजवादी भेटले की तीन पक्ष होतात. हे त्या मानानं एकजुटीचे." मग म्हणाले, "पण मोंतेरोव्होच्या माणसांनी ते नीट संपवलं हो. कोणी रडलं नाही. मला त्या वाक्यानं फार धीर दिला, शिरसाट."

सर सगळ्यांना अहो-जाहो करतात. मी विशीतला असताना मलाही करायचे. त्या 'अहो'पुढे खोटं बोलणं जास्त जड जातं.

बोलोन्या, बुधवार

सकाळी स्टेशनवर गेलो तर फलकावर एकामागून एक गाड्या रद्द. रेल्वे कामगारांचा एक दिवसाचा संप.

मी हळूच म्हणालो, "सर, टॅक्सी बघतो. दीड तासात पोचू. फोटो काढू, संध्याकाळी परत."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं परीक्षेत कॉपी करणाऱ्याकडे पाहतात.

"संप आहे."

"टॅक्सीवाल्यांचा नाही, सर. फक्त रेल्वेचा."

"त्यांनी गाडी थांबवायची आणि आपण चारचाकीत बसून त्यांच्या नाकासमोरून जायचं? मी तुम्हाला हे शिकवलं होतं?"

"आपण पर्यटक आहोत, सर."

"तुम्ही असाल."

ते स्टेशनच्या पायऱ्यांवर झेंडे घेऊन उभ्या असलेल्या संपकऱ्यांकडे गेले आणि मला म्हणाले, सांगा यांना, पुण्याहून एक निवृत्त मास्तर पाठिंबा द्यायला आलाय. मी सांगितलं. त्यांनी सरांना बसायला खुर्ची आणली आणि कागदी कपात गरम रस्सा दिला. सर तिथे दोन तास बसले. कुणालाच त्यांची भाषा येत नव्हती, पण मागण्या किती आणि कोणत्या हे त्यांना व्यवस्थित कळलं होतं.

मी आतून उकळत होतो. मला घाई होती. बुधवार, गुरुवार, कोणताही वार चालला असता, पण लवकर. कुलूप दिसावं, सरांनी नमस्कार करावा, आणि हे पाकीट मी बोलोन्याच्या नदीत टाकावं.

आज मागं वळून बघतो तेव्हा तो संप मोडला नाही याबद्दल मी सरांचे पाय धरावेत असं वाटतं. बुधवारी गेलो असतो तर दाराला खरंच कुलूप असतं.

मोंतेरोव्हो, गुरुवार

छोट्या गाडीनं सपाट, ओल्या शेतांमधून गेलो. पानं झडलेल्या झाडांवर टोमॅटोएवढी केशरी फळं लटकत होती. एका सहप्रवाशानं सांगितलं, या फळाला काकी म्हणतात.

"सगळं गेल्यावर एकट्याच टिकून राहिल्यात," सर म्हणाले. "बरोबर नाव आहे."

पाकिटावरच्या पत्त्यावर पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. कमानीखाली न्हाव्याचं दुकान. शेजारी एक दार. दारावर पत्र्याची पाटी, अर्धा सूर्य पुसलेला, समुद्र शाबूत. आणि दार सताड उघडं.

आत लाकडी टेबल होतं. टेबलापुढे चार-पाच म्हाताऱ्या बायका आणि एक काठीवाला गृहस्थ कागदपत्रं घेऊन रांगेत बसले होते. टेबलामागे सत्तरीची एक बाई चष्मा कपाळावर सरकवून कुणाचा तरी पेन्शनचा अर्ज भरत होती.

सर उंबऱ्यावर थांबले.

"शिरसाट, आपण चुकीच्या ठिकाणी आलोय का?"

मी आत जाऊन त्या बाईंना पत्ता दाखवला, अल्व्हारोंचं नाव सांगितलं. त्यांनी पाकीट हातात घेतलं, अक्षर पाहिलं आणि उठून उभ्या राहिल्या. त्या इव्हाना, अल्व्हारोंची मुलगी. वडील वारून पुष्कळ वर्षं झाली होती. शाखेच्या चिटणीस आता त्याच.

"पूना," त्या सरांकडे बोट करून म्हणाल्या. "हेच का ते पूनाचे प्राध्यापक? बाबा यांच्या उत्तराची वाट बघत होते."

शेजारच्या दुकानातून न्हावी आला. दीनो नाव, सरांच्याच वयाचा, हातात कात्री तशीच. सरांना खुर्ची दिली. सर खाली बसले आणि माझ्याकडे वळले.

"विचारा त्यांना, ते कुलूप कधी उघडलं? पक्ष परत काढला तेव्हा?"

मी विचारलं. इव्हाना आणि दीनो एकमेकांकडे बघायला लागले.

"कुठलं कुलूप?" दीनो म्हणाला.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. त्या खोलीत दोन भाषांमधला पूल फक्त मी होतो. मी काहीही सांगू शकलो असतो. म्हणू शकलो असतो, हो, नंतर उघडलं. सर मान डोलावून पुण्याला परत आले असते. तीस वर्षं जमलं होतं, आणखी एक वाक्य जड नव्हतं.

मी सरांना म्हणालो, "ते विचारताहेत, कुठलं कुलूप."

"म्हणजे?"

"कुलूप नव्हतंच, सर. ते मी लिहिलं. शेवटची पाच पानं मी वाचलीच नाहीत. झेंड्याची घडी, किल्ली, कोणी रडलं नाही, सगळं माझं. तुमचं उत्तरही मी टाकलं नाही. ते इथं आहे."

मी पाकिटातून सगळं काढून टेबलावर ठेवलं. हेच सगळं मी इटालियनमध्येही सांगितलं, कारण अर्धवट भाषांतर करायची ती जागा नव्हती. काठीवाला गृहस्थ "ओह" म्हणाला. दीनोनं कात्री खिशात ठेवली.

सरांनी स्वतःच्या हस्ताक्षरातलं ते जुनं पत्र उचललं, वाचलं, खाली ठेवलं. मग बोट त्या पाच पानांवर टेकवलं.

"वाचा."

मी उभ्यानं वाचायला लागलो. एक वाक्य इटालियन, एक मराठी. तीस वर्षांत पहिल्यांदा. अक्षर तितकं वाईट नव्हतंच.

अल्व्हारोंनी लिहिलं होतं: गुरुवारी आम्ही शाखा बंद करायला जमलो. विषय क्रमांक एक, शाखा बंद करणे. पण बैठक सुरू होणार तेवढ्यात खाणकामगाराची विधवा पेन्शनचा कागद घेऊन आली. तिचं झालं तर तिची शेजारीण. मग आणखी दोघी. सगळ्यांचं उरकेपर्यंत घरी सूप गार व्हायला लागलं. मी विषय क्रमांक एक तहकूब करावा असं सुचवलं, दीनोनं अनुमोदन दिलं. पुढच्या गुरुवारी तेच झालं. आजपर्यंत चारदा तहकूब झालाय. वरचे रागावलेत, वरचे आता राहिलेच नाहीत. याला मूर्खपणा म्हणावं की पक्ष म्हणावं, मला कळत नाही. तुम्ही असता तर पुण्यात काय केलं असतं? सभ्यपणानं नाही, खरं लिहा. तुम्ही लिहाल त्याप्रमाणे करीन.

शेवटचं वाक्य मी मराठीत दोनदा वाचलं. दीनोनं पाण्याचा पेला पुढे केला.

"मग काय केलं पुढे?" सरांनी विचारलं.

इव्हानांनी मागच्या फळीवरून एकावर एक ठेवलेली जाड रजिस्टरं खाली काढली. शाखा फक्त गुरुवारी उघडते; हे दर गुरुवारचं इतिवृत्त. त्यांनी कुठलंही पान उघडलं. विषय क्रमांक एक: शाखा बंद करणे. तहकूब. दुसरं पान. तहकूब. दहा वर्षांनंतरचं, वीस वर्षांनंतरचं पान. अक्षर बदललेलं, शब्द तोच.

"पूनाहून उत्तर आलं की निर्णय घेऊ, असं बाबा म्हणायचे," इव्हाना म्हणाल्या. "उत्तर आलं नाही. ते मानी होते, पुन्हा विचारलं नाही. नंतर आम्ही विषय पुढे ढकलायची सवयच लावून घेतली. आणि तुमच्या पत्रात 'कोणी रडलं नाही' असं लिहिलंय म्हणता? माझा बाप? तो फुटबॉलच्या निकालावर रडायचा."

मी ते सरांना सांगितलं. सर हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"शिरसाट, तुमचं इटालियन तेव्हा वाईट होतं, हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "कल्पनाशक्ती इतकी चांगली असेल असं वाटलं नव्हतं."

"सर, माझ्यामुळे मंडळ..."

"थांबा. आपल्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त कुणी लिहिलं होतं?"

"मी."

"ते पुढच्या बैठकीत वाचून कायम केलं का?"

मला प्रश्नच कळेना. "पुढची बैठक झालीच नाही, सर."

"म्हणजे मंडळ बंद केल्याचा ठराव कायम झालेला नाही." सरांनी टेबलावर बोट आपटलं. "मग ते बंद कसं झालं?"

दीनोनं विचारलं, काय म्हणतात. मी सांगितलं. तो उठला आणि सरांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "हा माणूस आमच्या शाखेत हवा होता." सरांना थाप आवडत नाही. ती त्यांनी चालवून घेतली.

मग सर हळू आवाजात, फक्त मला, म्हणाले, "हे मला तीस वर्षं दिसत होतं हो. नियम मीच शिकवायचो. मला दमायला झालं होतं, तेव्हा तुमचं कुलूप फार सोयीचं वाटलं. सगळं तुमच्या एकट्याच्या अंगावर घेऊ नका. तेवढे मोठे नाही तुम्ही."

मला इतकी वर्षं जी शिक्षा हवी होती, तिची त्यांनी वाटणी करून टाकली. मी बाहेर कमानीखाली जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा सर टेबलामागे इव्हानांच्या शेजारी बसले होते आणि काठीवाल्या गृहस्थाच्या अर्जाचे कागद क्रमानं लावून देत होते. चटणीची डबी सगळ्या रांगेत फिरून आली होती.

साडेसहाला बैठक. नऊ माणसं. विषय क्रमांक एक पुकारला गेला. इव्हाना म्हणाल्या, या विषयावर पूनाहून उत्तर आलं आहे, प्राध्यापकांनी ते द्यावं. सर उभे राहिले, त्यांचं तीस वर्षांपूर्वीचं पत्र हातात घेऊन.

"यातला शब्द न् शब्द चुकीचा आहे," ते म्हणाले. "फक्त अक्षर माझं आहे. उत्तर असं: तहकूब करत राहा."

मी भाषांतर केलं. पूर्ण. दीनोनं अनुमोदन दिलं.

नारायण पेठ आणि येरवडा, शनिवार

पुस्तकबांधणीचं दुकान आता जुन्या दुकानदाराचा, दातारांचा, मुलगा चालवतो. त्याचेही केस पिकलेत. सर सकाळी नऊला त्याच्यासमोर उभे राहिले.

"किल्ली हवी होती."

"तीस वर्षांनी मागताय?"

"मागत नाही. परत घेतोय."

"वडिलांनी घेतल्याची पावती आहे का?"

"आहे," सर म्हणाले, आणि खिशातून काढलीसुद्धा. दातारनं ती उलटून पालटून पाहिली आणि मुकाट्यानं किल्ली काढायला गेला. जाताना एवढंच म्हणाला, "वर माझे कागदाचे गठ्ठे आहेत. हलवायचे ते तुम्ही."

गठ्ठे आम्ही हलवले. गणपूर्तीला पाच माणसं हवी होती. सर, मी, पोस्टातून निवृत्त झालेले कसबे, आणि एका शाळेच्या माजी मुख्याध्यापिका जोशीबाई. चारच. जुने काही वारले होते, काही पुणं सोडून गेले होते. साडेनऊ झाले. सर घड्याळ बघून म्हणाले, "नियम तो नियम. चारात बैठक होत नाही."

जिन्यावर पावलं वाजली. मित्राताई आल्या. वडिलांची गोळी राहिली म्हणून देऊन जायला आल्या होत्या.

"तुमचं सभासदत्व कुणी रद्द केलेलं मला आठवत नाही," सर त्यांना म्हणाले. "कॉलेजात होतात तेव्हा सही केलीये. बसा."

"बाबा, मला बँकेत जायचंय."

"बँक एक ते चार बंद नसते. बसा."

त्या बसल्या. मी शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं. सरांनी विचारलं, कुणाला दुरुस्ती सुचवायची आहे? मी उभा राहिलो. जे इथे लिहिलंय ते थोडक्यात सांगितलं. जोशीबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या.

"म्हणजे तेव्हा मी घरी जाऊन ढसाढसा रडले, ते तुमच्या निबंधावर?" त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"चांगला लिहिला होतात," त्या तुटकपणे म्हणाल्या आणि कसब्यांनी सुपारी कातरायला घेतली. इतक्या वर्षांनी एवढीच शिक्षा. दुरुस्तीची नोंद झाली. पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत 'कुलूप' या प्रकरणावर शुद्धिपत्र चिकटवायचं ठरलं, आणि ते मी लिहायचं. तुम्ही वाचताय ते तेच.

"विषय क्रमांक एक," सर म्हणाले. "मंडळ बंद करणे."

"तहकूब," कसबे म्हणाले.

"कारण लिहा, शिरसाट. विनाकारण तहकूब करत नाहीत."

मी लिहिलं: येरवड्याला अर्ज लिहायला जायचं आहे.

घडीचं टेबल मित्राताईंच्या गाडीत टाकलं. बँक राहिली. झाड अजून तिथेच आहे, आता त्याला पार बांधलाय. आम्ही टेबल मांडून पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच कोरा कागद घेतलेली एक बाई येऊन समोर बसली. तिचा मुलगा आत आहे. तिचं सांगणं लांबलं. वकील, तारीख, आजारी सासू, पुन्हा तारीख. मधेच ती म्हणाली, "एवढं कशाला लिहिता साहेब, थोडक्यात लिहा की."

मी सगळं लिहिलं. तीन पानं झाली.

सरांनी ती माझ्या हातातून घेतली, एक-दोन-तीन अशी मोजली, आणि सहीसाठी तिच्यापुढे सरकवली.